खंडेनवमीच्या बाटल्या

वाईनचं काम करते असं सांगितलं की आपल्या लोकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, म्हणजे नक्की काय करतेस? दुसरा, मग घरी येताना गाडी कोण चालवतं? आयर्लंडमधल्या आमच्या लिमरिकच्या गणपतीत मोदक तोंडात असतानाही मी दोन्हींची उत्तरं देऊ शकते, इतकी ती पाठ झाली आहेत. कुठल्या पदार्थाबरोबर कुठली वाईन जाईल ते ठरवायचं, ती शोधून आणायची, सांभाळायची आणि लोकांना ओतून द्यायची. मी चव घेते आणि थुंकून टाकते. गाडी मीच चालवते.

त्याआधी मी पुण्यात आणि नंतर इथे सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. ते सोडून, रीतसर परीक्षा देऊन मी या धंद्यात शिरले तेव्हा माझ्या आईने आठवडाभर फोन उचलला नाही. सासरे मात्र काहीच बोलले नाहीत. आईच्या रागापेक्षा त्यांच्या न बोलण्याचाच मला जास्त धसका होता. मोरेश्वर, म्हणजे आमचे बाबा, नागपूरला हिंगण्याच्या एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. साधी सुपारी नाही, चहासुद्धा अर्धा कप. वाटेत दारूचं दुकान आलं तर रस्ता ओलांडून पलीकडून जाणारा माणूस. सासूबाई गेल्यावर प्रसन्नने, माझ्या नवऱ्याने, हट्टाने त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. त्या दिवसापासून वरच्या खोलीत बाबा आणि जिन्याखाली वाईन असा माझा संसार सुरू झाला.

वाईन घरी का, तर आमच्या रेस्टॉरंटला तळघर नाही. तिथलं बाटल्यांचं प्रेस, म्हणजे इथल्या भाषेत कपाट, नेमकं तळणीच्या पाठीला लागून आहे. आमच्या घरात जिन्याखालचं प्रेस मात्र बारा महिने थंडगार असतं. त्यामुळे जपायच्या बाटल्या माझ्याकडे असायच्या. रेस्टॉरंटचं नाव ‘लाँग पोर्च’. मालकीण ब्रीद इथलीच, पण अमेरिकेच्या दक्षिणेत, कॅरोलायनात, उमेदीची वर्षं स्वयंपाक करून परत आलेली. तळलेलं चिकन, मक्याचा ब्रेड, मक्याच्या लापशीवर कोळंबी, तास न् तास धुरावर शिजवलेलं डुकराचं मांस, असं तिकडचं दक्षिणी जेवण ती लिमरिकमध्ये खाऊ घालते.

ब्रीदने मला मोकळं सोडलं होतं आणि मीही सुटले होते. लोकांना ठाऊक असलेलं एकही नाव मी वाईन लिस्टवर ठेवलं नाही. भेंडीच्या भज्यांबरोबर स्पेनची खारट, कोरडीठाक शेरी. कोळंबीबरोबर ग्रीसच्या ज्वालामुखीच्या बेटावरची पांढरी. चिकनबरोबर कॉकेशसच्या डोंगराखालच्या जॉर्जियाची केशरी वाईन, सालीसकट मातीच्या रांजणात मुरवलेली. अगदी चपखल जोड्या होत्या, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पण गिऱ्हाईक बसायचं, लिस्ट उघडायचं, मिटायचं आणि बिअर मागवायचं. मी धावत जाऊन त्या डोंगराची, त्या मातीची, त्या रांजणाची गोष्ट सांगायचे. ते मान डोलवून ऐकायचे आणि बिअरच मागवायचे.

ब्रीदचा भाऊ डेक्लन धंद्यात भागीदार होता. मार्चमध्ये मी त्याला केशरी वाईन चाखायला दिली, तेव्हा ओल्या गोठ्याचा वास येतो म्हणून त्याने ग्लास दूर सारला होता. त्याला सुपरमार्केटात मिळतात तसल्या ओळखीच्या नावांची तयार लिस्ट हवी होती. बहीणभावाची बरीच वादावादी झाली आणि शेवटी असं ठरलं, की सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी तीस माणसांचं वाईन डिनर करायचं. पाच पदार्थ, त्यांच्याबरोबर मी निवडलेल्या पाच वाईन. डेक्लन स्वतः जेवायला बसणार. लोकांना आवडलं तर लिस्ट माझी. नाही आवडलं तर सोमवारपासून डब्लिनच्या सप्लायरची लिस्ट, आणि मी फ्लोअर मॅनेजर, म्हणजे टेबलं पुसली का ते बघणारी बाई. त्यासाठी काही मी चांगली नोकरी सोडली नव्हती.

डिनरच्या पंधरा बाटल्या मी जिन्याखाली उभ्या करून ठेवल्या. केशरी वाईनचा गाळ खाली बसावा म्हणून त्यांना हात लावायचा नाही असं प्रसन्नला बजावलं. बाबांना सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. ते त्या प्रेसकडे बघतसुद्धा नसतील असं मी धरून चालले होते.

त्या शुक्रवारी खंडेनवमी होती, हे मला माहीत नव्हतं. आमचे सण व्हॉट्सॲपवर कुणीतरी शुभेच्छा पाठवल्या की उगवतात. बाबांचं तसं नाही. आयुष्यभर त्यांनी त्या दिवशी कारखान्यातलं एकेक मशीन घासूनपुसून, तेल देऊन, त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. पूजेला लावलेलं अवजार दसऱ्याशिवाय उचलायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी स्वतःचा मोजमापाचा व्हर्नियर कॅलिपर रुमालात गुंडाळून नागपूरहून आणला होता. आम्हाला वाटलं होतं, म्हातारपणाचा चाळा असेल.

दुपारी मी बाटल्या न्यायला घरी आले तर दारातच कापराचा आणि धुपाचा लोट अंगावर आला. छतावरच्या स्मोक अलार्मला प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती. पुढच्या खोलीत धुतलेल्या चादरीवर पूजा मांडली होती. कॅलिपर, प्रसन्नचा लॅपटॉप, स्वयंपाकघरातली मोठी सुरी आणि माझा बूच काढायचा स्क्रू, सगळ्यांना हळदकुंकू. त्यांच्यामागे ओळीने माझ्या पंधरा बाटल्या. लख्ख, चकचकीत आणि उघड्यानागड्या. एकीवरही लेबल नव्हतं. गळ्याशी गुंडाळलेली पत्र्याची टोपणंसुद्धा सोलून काढली होती. प्रत्येकीच्या पोटावर कुंकवाचं बोट मात्र होतं.

बाबांना एवढं खूश मी सासूबाई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. वेळेवर आलीस, नमस्कार कर, म्हणाले. मग त्यांनी सगळा कामाचा अहवाल दिला. मळकं अवजार पूजेत ठेवत नाहीत. बाटल्यांवर धूळ, कागदांचे कोपरे निघालेले, म्हणून त्यांनी त्या बाथटबमध्ये सोडा घालून भिजत घातल्या आणि भांड्याच्या घासणीने एकेक घासली. कागद फार चिवट होते, दोन वेळा पाणी बदलावं लागलं.

आता यात त्यांना तरी काय म्हणणार? आपल्या घरात स्टिकरसकट राहिलेलं भांडं कुणी पाहिलंय? नवा डबा आणला की पहिल्यांदा नखाने, मग पाण्याने, मग तेलाच्या बोळ्याने लेबल काढायचं. जॅमची बरणी त्याशिवाय लोणच्याची होत नाही. लेबल म्हणजे दुकानाचा मळ, तो निघाला की वस्तू आपली. मीही सासरी पहिल्या दिवाळीत सबंध दुपार स्टीलच्या वाट्यांचे स्टिकर काढत बसले होते. पण हा शहाणपणा मला आता सुचतोय. तेव्हा मला फक्त एकच विचारायचं होतं.

“पाणी गरम होतं की कोमट?”

“कोमट. गरम पाण्यानं काच तडकते, एवढं तर मले समजते.”

म्हणजे वाईन उकडली नव्हती. तेवढा एक श्वास सुटला आणि त्याच्या मागोमाग राग. त्या कागदांवर वाईनचं नाव, गाव, साल होतं, ते पाहून लोक बाटली घेतात, असं मी त्यांना चढ्या आवाजात सांगितलं. ते ऐकत होते. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण जीभ सुटली की माझी मीच तिच्या मागे धावते.

“या बाटल्यांवर माझी नोकरी होती, बाबा. ती तुम्ही धुऊन टाकलीत.”

बाबा हळदीकुंकवाची ताटली हातात धरून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, “इचारायला पाहिजे होतं मी. नाही इचारलं.” त्यांनी अक्षता घेतल्या, बाटल्यांवर वाहिल्या, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि एकेक बाटली जागेवरून जराशी हलवली. आपण गणपतीची उत्तरपूजा करून मूर्ती हलवतो ना, तशी. जन्मभराचा नेम त्यांनी दिवस मावळायच्या आत मोडला आणि न्यायला सांगितलं. मला त्या वेळी तेही दिसलं नाही. मी खोकी भरली, गाडीत घातली आणि दार आपटून निघाले.

गाडीत कापूर, अंगाला कापूर, केसांत धूप. शॅनन नदीच्या काठाशी मी गाडी थांबवली, खाली उतरले आणि भुरभुरत्या पावसात थोडं रडून घेतलं. डेक्लनचं तोंड डोळ्यांसमोर येत होतं. त्याला काही बोलावंही लागणार नव्हतं.

ब्रीदने बाटल्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळं ऐकून झाल्यावर ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिलाही डेक्लन आठवला असावा, कारण ती एकदम उठून बाटल्यांजवळ आली. कुठली बाटली कुठली ते तुला सांगता येईल का, असं तिने विचारलं. म्हटलं, तेच तर माझं काम आहे. पहिली बाटली उघडली, ग्लासात ओतली, नाक खुपसलं. कापूर. दुसरी उघडली. कापूर.  फक्त लेबलंच गेली नव्हती, माझं नाकही गेलं होतं. ते नसेल तर लिस्ट कुणाची का असेना, मी कसलीच नव्हते.

ब्रीदने माझे हात हातात घेऊन हुंगले आणि मला सरळ मोरीकडे ढकललं. कापूर बाटल्यांना नव्हता, मला होता. मी कोपरापर्यंत हात लिंबाने चोळून धुतले, तोंड धुतलं, कुर्ता काढून तिचा शेफचा कोट चढवला, केस फडक्यात बांधले, आणि मागच्या अंगणात उभं राहून नदीवरची गार हवा छाती भरून घेतली. मग परत पहिल्या ग्लासाशी आले. बदाम, मीठ, ओहोटीच्या वेळचा किनारा. शेरी. त्या वासाने मला जेवढा आनंद दिला तेवढा आजवर कुठल्या अत्तराने दिला नसेल. पुढच्या बाटल्या झरझर लागत गेल्या. काही बुचांवर नावं छापलेली होती, पण मी आधी नाकाने ठरवत होते आणि नंतर बूच बघत होते. एकदाही चुकले नाही.

केशरी वाईन मात्र बाथटबमध्ये हिंदकळून चिंचेच्या कोळासारखी गढूळ झाली होती. चव जागेवर होती, रूप गेलं होतं. आणि टेबलांवर ठेवायला छापून आणलेली कार्डं समोर पडली होती. प्रत्येक कार्डावर पाच अवघड नावं, त्याखाली माझी डोंगरांची आणि रांजणांची वर्णनं. ती वाचताना मला पहिल्यांदा माझाच कंटाळा आला. मी वर्षभर लोकांना काय देत होते? आधी नाव, मग भूगोल, मग इतिहास, आणि ते घाबरून गेल्यावर घोटभर वाईन. परीक्षेला बसवून जेवायला वाढत होते. मी ब्रीदला म्हटलं, कार्डं लावू नकोस. नावं शेवटी सांगू. तिने ती गठ्ठ्याने उचलून ओव्हनच्या वर टाकली.

लोक आले. डेक्लन बायकोला घेऊन खिडकीशी बसला. मी भेंडीच्या भज्यांबरोबर शेरी ओतली आणि भज्याबरोबर एक घोट घ्या, एवढंच सांगून पुढे गेले. इतकं कमी बोलायची मला सवय नव्हती, जीभ वळवळत होती. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. घाबरायला नावच नव्हतं, मग काय करणार, प्यायले. थोड्या वेळाने त्या टेबलावरून या टेबलावर गप्पा सुरू झाल्या. एकाला वाटलं ही सफरचंदाची सायडर आहे, दुसरीला वाटलं समुद्राजवळची काहीतरी असणार. ती बरोबर निघणार होती, पण मी तोंड उघडलं नाही.

कोळंबीच्या वेळी एका बाईंनी बाटलीवरच्या लाल ठिपक्याबद्दल विचारलं. सांगावंच लागलं. आज आमच्याकडे कामाच्या अवजारांची पूजा असते, आणि माझ्या सासऱ्यांनी माझ्या बाटल्या धुऊन पुजल्या, असं मी सांगितलं. मला वाटलं हसतील. पण शेजारच्या टेबलावरचे एक म्हातारे शेतकरी गंभीरपणे म्हणाले की त्यांचे वडील दरवर्षी ट्रॅक्टरवर चर्चमधलं पवित्र पाणी शिंपडायचे. दुसऱ्या कुणाला फादरनी होड्यांना दिलेला आशीर्वाद आठवला. ट्रॅक्टरवरून गायींवर, गायींवरून कुणाच्या तरी आजीच्या शिवणयंत्रावर गोष्ट गेली, आणि तीस अनोळखी माणसं एका घरातल्यासारखी बोलायला लागली. म्हातारे शेतकरी ग्लास उचलून म्हणाले, “फेअर प्ले टू युवर मॅन.” म्हणजे तुझ्या सासऱ्यांनी चांगलं केलं. मी त्यांचा ग्लास पुन्हा भरला.

चिकनबरोबर गढूळ केशरी वाईन गेली. मी मुद्दाम डेक्लनच्या बाजूला पाहिलं नाही. टेबलं फिरून परत आले तर त्याचा ग्लास रिकामा होता आणि त्याने तो न बोलता माझ्यापुढे धरला. मीही न बोलता भरला.

शेवटी पेकन पाय, म्हणजे अक्रोडासारखा मेवा भरलेली गोड पेस्ट्री, आणि तिच्याबरोबर पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची गोड वाईन झाली. मग मी मधोमध उभी राहून पाचही नावं सांगितली. केशरी वाईनचं नाव आलं तसा डेक्लन मध्येच म्हणाला की मार्चमध्ये तू मला दिली होतीस ती ही नव्हे. मी म्हटलं, तीच. त्याने रिकाम्या ग्लासाकडे पाहिलं, मग ब्रीदकडे, मग बायकोकडे. ती हसू दाबत होती.

“ग्रँड,” डेक्लन म्हणाला.

या देशात ‘ग्रँड’चा अर्थ ‘भव्य’ होत नाही. ठीक आहे, चालेल, बरं बाबा, आता विषय वाढवू नका, असं सगळं त्यात येतं. ब्रीदने स्वयंपाकघरात मला घट्ट मिठी मारली आणि सप्लायरला येऊ नकोस असं उद्याच कळवते म्हणाली. मी फ्रीजरला टेकून उभी राहिले. मला मोठ्याने हसावंसं वाटत होतं. वर्षभर पाठीवर घेऊन हिंडत असलेलं ओझं कुणीतरी अलगद उतरवून ठेवलं होतं.

आणि मग दुपारी मी बोललेलं वाक्य जसंच्या तसं कानांत आलं. इकडे सगळं जमून आलं होतं, पण घरी बाबांच्या लेखी माझी नोकरी अजून गेलेलीच होती. कोटाच्या खिशातून फोन काढला. त्यांचा एकही कॉल नव्हता. कामावरच्या माणसाला फोन करायचा नाही, ही त्यांची शिस्त. मी मागच्या अंगणात रिकाम्या क्रेटांपाशी गेले आणि घरी फोन लावला.

प्रसन्नने उचलला. तो कुजबुजतच बोलला. तू गेल्यापासून ते पूजेसमोर उभे आहेत, जेवले नाहीत, किती वेळा सांगितलं तरी बसत नाहीत, तूच बोल, म्हणाला. मग फोन त्यांच्या हातात गेला. 

“बाबा, जमलं. लिस्ट माझीच राहिली.”

 घसा खाकरून, टूलरूममध्ये विचारत असतील तशा आवाजात त्यांनी विचारलं, “रिजेक्शन किती?”

“एकही नाही. सगळ्या बाटल्या संपल्या.”

“पक्कं?”

“पक्कं, बाबा.”

“मग थांब जराशीक,” ते म्हणाले, आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “बसतो आता.”